कावीळ : पोपटापासून उसाच्या रसापर्यंत

कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात पाळी सुटण्याच्या वेळी रसवंतीभोवती गर्दी होते. या गर्दीत एखादा तरी गिऱ्हाईक तहानेसाठी नव्हे, तर औषध म्हणून रस पीत असतो. घरी कुणाला तरी कावीळ झालेली असते आणि उसाच्या मुलखात काविळीवर पहिला उपाय उसाचाच. सोबत हळद बंद, तेल-तूप बंद, आणि एखाद्या गावी जाऊन कावीळ ‘उतरवून’ आणणे. हे सगळे अडाणीपणाचे म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण या उपायांचा इतिहास पाहिला तर त्यात भोळेपणाबरोबर उत्तम निरीक्षणही सापडते.

सर्वांत जुना पुरावा अथर्ववेदातला. पहिल्या कांडातील बाविसाव्या सूक्तात रोग्याचा पिवळेपणा पोपटांकडे आणि इतर पक्ष्यांकडे पाठवला जातो आणि रोग्याभोवती लाल गाईंचा रंग कल्पिला जातो. रोमन लेखक प्लिनी यानेही असाच समज नोंदवला आहे : एका पिवळ्या पक्ष्याकडे रोग्याने पाहिले की रोगी बरा होतो आणि पक्षी मरतो. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या दोन समाजांत विचार एकच, रंग जिथला तिथे परत पाठवावा. हळद बंद करण्यामागेही हाच विचार दिसतो. वास्तविक हळदीच्या रंगाचा आणि काविळीच्या रंगाचा काडीचाही संबंध नाही.

कावीळ उतरवणारा माणूस रोग्याचे हात चुन्याच्या निवळीत धुतो आणि पाणी पिवळे होते. हा प्रयोग शिक्षकांनी वर्गात अवश्य करावा. आंब्याच्या सालीचा रस आधी तळहाताला चोळून वाळू द्यावा, मग हात निवळीत धुवावेत. सालीतील पॉलिफेनॉल वर्गातली द्रव्ये अल्कधर्मी द्रावणात पिवळी होतात. विद्यार्थी ठणठणीत असला तरी पाणी पिवळेच होते! दुसऱ्या विद्यार्थ्याला रस न लावता हात धुवायला सांगितले तर ‘नियंत्रित प्रयोग’ म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. (चुना डोळ्यांत जाणार नाही याची काळजी मात्र घ्यावी.)

चरकाची दृष्टी अगदी वेगळी. चिकित्सास्थानातील पांडुरोगाच्या अध्यायात त्याने कामलेचे, म्हणजे काविळीचे, दोन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एकात पित्ताचा मार्ग अडतो आणि रोग्याचा मल वाटलेल्या तिळासारखा फिकट होतो. मलाला पित्ताचा रंग परत येईपर्यंत उपचार चालू ठेवावेत, असेही तो सांगतो. आजच्या भाषेत हे असे मांडता येईल : जुन्या तांबड्या रक्तपेशींमधील हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य बनते, यकृत ते पित्तात सोडते, पित्तनलिकेतून ते आतड्यात उतरते आणि मलाला तपकिरी रंग मिळतो. वाट खड्याने किंवा गाठीने अडली तर मल पांढुरका आणि लघवी गडद. सोनोग्राफीच्या कितीतरी शतके आधी नुसत्या डोळ्यांनी केलेले हे निदान आहे. असा रोगी आजही झाडपाल्यात आठवडे घालवतो तेव्हा फार नुकसान होते, कारण त्याला बहुधा शस्त्रक्रियेची किंवा दुर्बिणीने वाट मोकळी करण्याची गरज असते.

मग कावीळ उतरवून घेणारे बहुतेक लोक बरे कसे होतात? हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. डिसेंबर 1955 मध्ये दिल्लीत मोठी साथ आली. यमुनेतून पाणी उचलण्याच्या जागी सांडपाणी मिसळले होते. सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. पाण्यात क्लोरीन वाढवले होते. त्यामुळे विषमज्वर वाढला नाही, पण काविळीचा विषाणू निसटला. गरोदर स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त होते. त्या साथीतील रोग्यांचा रक्तद्रव जपून ठेवला होता. पंचवीस वर्षांनी, 1980 मध्ये, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह तो तपासला, तेव्हा हा नेहमीचा ‘अ’ विषाणू नसल्याचे दिसून आले. 1983 मध्ये रशियन संशोधक बालायान यांनी रोग्यांच्या मलाचा अर्क स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला आणि आपल्याच मलात विषाणूचे कण पाहिले. पुढे त्याला ‘ई’ हे नाव मिळाले.

‘अ’ आणि ‘ई’ या दोन्ही काविळी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात. त्या मुदतीत केलेला कोणताही उपाय यशस्वी ठरतो, मग तो निवळीचा असो वा महागड्या सलाइनचा. पण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ‘ई’ प्राणघातक ठरतो. कागलच्या शेजारी, पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत 2012 च्या उन्हाळ्यात हीच साथ आली, हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. कागल-हातकणंगले वसाहतीत कामाला येणाऱ्यांपैकी अनेकांची घरे याच परिसरात आहेत.

झाडपाल्यापैकी सर्वांत गंभीर परीक्षा झाली ती भुईआवळीची. ‘ब’ काविळीचा विषाणू शोधून 1976 चे नोबेल मिळवणारे बारूक ब्लुमबर्ग यांनीच तिच्यात रस घेतला. 1988 मध्ये मद्रासच्या त्यागराजन यांनी सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष दिला : भुईआवळी घेतलेल्या 37 वाहकांपैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, नुसती बनावट पुडी घेतलेल्या 23 पैकी एकाच्याच. आशा उंचावल्या. इतर देशांतील चाचण्यांत मात्र हे फळ पुन्हा हाती आले नाही. मला हा प्रसंग पराभवाचा वाटत नाही. गावठी औषधाला इतक्या सरळपणे प्रश्न विचारला गेला, हेच दुर्मीळ आहे. गुळवेलीची गोष्ट उलटी. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतील डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या सहा रोग्यांत यकृताला इजा झालेली आढळली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटली होती का, हा त्यातला मुद्दा होता. वेल कुणी तोडली, कोणती तोडली, हे घरगुती काढ्यात तर कधीच कळत नाही.

आता रस. काविळीत भूक मरते, मळमळते. अशा वेळी साखर आणि पाणी पोटात जाणे चांगलेच. तो विषाणू मारत नाही, पण माणसाला उभा ठेवतो. मधुमेह असेल तर जपावे. तेल-तूप पूर्ण तोडण्याची गरज नसते. पचेल तेवढे खावे. दारू मात्र बंद, आणि वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. ऊस स्वतः निर्दोष आहे. पाहायचे ते त्यात टाकलेल्या बर्फाकडे, आणि चरख्याखालच्या बादलीकडे, जिच्यात सकाळपासून सगळे पेले त्याच पाण्यात बुडवून काढले जात असतात.