‘काचेचा हात’ : श्रमजन्य वेदनेच्या निदानाचा प्रश्न

हाताच्या एकाच हालचालीच्या सततच्या पुनरावृत्तीने उद्भवणारी वेदना ही संगणकयुगाची देणगी होय, असा समज सर्वत्र रूढ आहे. इतिहासाला तो मान्य नाही. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी याने व्यवसायजन्य रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या विस्तारित आवृत्तीत लेखनिकांच्या व्याधींची तीन कारणे नोंदविली : अखंड बैठक, हाताची एकाच दिशेने होणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. त्याच्या परिचयातील एका नोटरीने उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला. लवकरच त्या हातालाही तीच व्याधी जडली. रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारावा, असा रामाझ्झिनीचा आग्रह होता. निदानाचा एक धागा रुग्णापाशी असतो, हे त्यात गृहीतच होते.

एकोणिसाव्या शतकात मोर्सच्या कळीवर दिवसभर ठिपके व रेघा पाठविणाऱ्या तारमास्तरांचे हात आखडू लागले. अमेरिकेतील तारमास्तरांनी या दुखण्याला ‘काचेचा हात’ असे नाव दिले. हे निदान वैद्यांचे नव्हे, कामगारांचे होते. पण ते निरुपयोगी मुळीच नव्हते. होरेस मार्टिन याने १९०४ मध्ये पेटंट घेतलेल्या व्हायब्रोप्लेक्स कळीत हात खाली-वर न करता आडवा हलवावा लागे आणि ठिपक्यांची मालिका कंप पावणाऱ्या दांडीमुळे आपोआप उमटे. तिने वेगही वाढे, हे खरे. तथापि अनेकांनी पदरमोड करून ती घेतली, यावरून दुखण्याचे मूळ त्यांनी अचूक ओळखले होते, असेच म्हणावे लागते.

ब्रिटनमध्ये मात्र हा प्रश्न पैशाशी जोडला गेला. तारमास्तरांच्या पेटक्याचा समावेश १९०८ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायद्याखालील रोगांच्या यादीत झाला आणि वेदनेला नाव देण्याचा अधिकार तज्ज्ञांकडे गेला. १९११ मध्ये विभागीय समितीने दोन कारणे सांगितली : गुंतागुंतीच्या हालचालींनी वारंवार येणारा थकवा आणि काम करणाऱ्याच्या मज्जासंस्थेची अस्थिरता. दुसऱ्या कारणाने दोषाचा मोठा वाटा कळीकडून माणसाकडे सरकला. पगारावर जगणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता.

असे असले तरी तज्ज्ञाला वगळून भागत नाही. ‘काचेचा हात’ या एकाच नावाखाली अनेक भिन्न विकार झाकले जाण्याचा धोका होता. स्विस शल्यविशारद द क्वेर्व्हें यांनी १८९५ मध्ये अंगठ्याच्या बाजूच्या मनगटातील स्नायुबंधांच्या आवरणाचा विकार वेगळा काढला. मारी व फ्वा यांनी १९१३ मध्ये मनगटात दबलेली मीडियन नस शवविच्छेदनातून दाखविली. या नसेच्या विकारात अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होते, करंगळी सुटते. करंगळीच बधिर होत असेल, तर दोष बहुधा कोपराशी असतो. बोटाबोटांतला हा फरक दुखणाऱ्याला जाणवतो, परंतु त्याचा अर्थ त्याला एकट्याने लागत नाही.

१९५० नंतर या विकाराला वैद्यकात ठळक स्थान मिळवून देणारे अमेरिकन शल्यविशारद जॉर्ज फालेन यांनी व्यवसायाशी त्याचा संबंध जवळजवळ नाकारला. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत मात्र मनगटे मिनिटभर दुमडून धरल्यावर मुंग्या आल्या की नाही, हे रुग्णानेच सांगावे लागते.