मिरज, दाबोळी, लिस्बन

लिस्बन ही पश्चिम युरोपातली छोटी राजधानी. शहराच्या हद्दीत साडेपाच लाखांच्या आसपास माणसे राहतात. 2011 च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्याही पाच लाखांच्या वर होती. लोकवस्तीने सांगलीच्या पंक्तीला बसणाऱ्या या शहरातून साडेचारशे वर्षे गोव्याचा कारभार चालला. दक्षिण महाराष्ट्रातून लिस्बनला जायचे तर वाट मिरज जंक्शनवरून होती.

पुणे-मिरज-लोंढा हा मीटरगेज मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाला. कॅसलरॉकवरून दूधसागरचा घाट उतरून मुरगाव बंदरापर्यंत जाणारी रेल्वेही त्याच सुमाराची, आणि तिच्यामागचे भांडवल ब्रिटिशांचे. सांगली-विश्रामबाग भागातला उतारू मिरजेला गाडीत बसला की बेळगाव, लोंढा करत घाटाखाली पोर्तुगीज जकात नाक्यावर पोहोचे. पुढे बोटीने सुएझमार्गे लिस्बन, म्हणजे काही आठवड्यांचा प्रवास. या वाटेने अंमलदार आणि विद्यार्थी गेले, तसे हद्दपारही गेले. गोव्यातल्या 1946 च्या नागरी हक्कांच्या चळवळीनंतर त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या समुद्रकाठच्या किल्ल्यात डांबण्यात आले.

विमानाचे महत्त्व वाढले ते नाकेबंदीमुळे. ऑगस्ट 1955 मध्ये निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यावर भारताने गोव्याची रेल्वे तोडली आणि जमिनीवरून होणारा व्यवहार थांबवला. पोर्तुगीज सरकारला दमण आणि दीव गाठण्यासाठीही आकाशाचा आधार घ्यावा लागला. त्याच वर्षी मुरगावजवळच्या पठारावर दाबोळीचा विमानतळ सुरू झाला, आणि टीएआयपी ही गोव्याची स्वतःची विमान कंपनीही. छोट्या हेरॉन विमानांपासून सुरुवात करून ती चार इंजिनांच्या डीसी-4 पर्यंत पोहोचली. कराची हा तिचा मोठा आधार होता. लिस्बनशी संबंध राखायचा तो भारताला वळसा घालून. व्यापारी हिशेबाने अशी कंपनी उभी राहिली असती, असे म्हणणे कठीण आहे. ती वसाहत टिकवण्यासाठी होती आणि वसाहतीबरोबरच तिचा गोव्यातला मुक्काम संपला.

18 डिसेंबर 1961 रोजी सकाळी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. तळावर दोन प्रवासी विमाने उभी होती: पोर्तुगालच्या टॅप कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन आणि टीएआयपीचे डीसी-4. त्या रात्री खड्डे घाईघाईने बुजवून या विमानांत अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना बसवण्यात आले. वजन कमी करण्यासाठी जादा आसने उपटून टाकली होती. कॉन्स्टेलेशनने जेमतेम 700 मीटर धावून उड्डाण केले. उडालेल्या दगडगोट्यांनी त्याच्या अंगाला 25 भोके पडली आणि एक चाकही फुटले. दोन्ही विमाने रात्रीच्या अंधारात, अगदी कमी उंचीवरून उडत कराचीला पोहोचली. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी मे 1962 मध्ये कराचीमार्गे मायदेशी परतले.

त्या वेळी लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगात एक सांगलीकर होता. मोहन रानडे यांचा जन्म 1930 चा, सांगलीचा. गोव्यात सावईवेरे येथे मराठी शिक्षक म्हणून गेलेले रानडे आझाद गोमंतक दलात सामील झाले, 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले आणि 26 वर्षांची शिक्षा घेऊन पोर्तुगालला रवाना झाले. गोवा मुक्त झाला, शत्रूचे सैनिक घरी गेले, पण रानडे आणि गोवा मुक्तिलढ्यातले दुसरे कैदी तेलो मास्कारेन्हास आतच राहिले. हजारो कैदी हातात असताना भारत सरकारने या दोघांना सोडवून घेतले नाही, हा ठपका कुठल्याही मुत्सद्दी कारणाने पुसला जात नाही. रानड्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी महाराष्ट्रात खटपट केली. मद्रास राज्याचे (आताच्या तामिळनाडूचे) मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी 1968 मध्ये व्हॅटिकनला पोप सहावे पॉल यांच्याकडे शब्द टाकला. जानेवारी 1969 मध्ये रानडे सुटले. अण्णादुराई फेब्रुवारीच्या सुरुवातीला वारले.

1974 च्या एप्रिलमध्ये पोर्तुगालची हुकूमशाही कोसळली आणि वर्षअखेरीस नव्या सरकारने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य करून संबंध पुन्हा जोडले. लिस्बनच्या विमानतळाला 2016 पासून उंबेर्तु देलगादु यांचे नाव आहे. टॅप कंपनी स्थापन करणारे हे सेनाधिकारी पुढे हुकूमशहा सालाझारच्या विरोधात उभे राहिले आणि 1965 मध्ये त्याच्या गुप्त पोलिसांकडून मारले गेले.

आता मुंबईहून निघालेला प्रवासी बहुधा आखातात किंवा युरोपात विमान बदलून तिथे उतरतो. विमानतळ शहरालगतच असून 2012 पासून मेट्रोने जोडलेला आहे. मराठी प्रवाशाने बेलेंचा मनोरा पाहून झाल्यावर एक दिवस पेनिशसाठी राखावा. त्या किल्ल्यात आता प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे.