वाटीभर तेलाचा इतिहास

‘तेल’ हा शब्द तिळापासून आला. संस्कृतात ‘तैल’ म्हणजे मुळात तिळाचा स्नेह. पुढे एरंड, मोहरी, खोबरे यांच्या स्नेहालाही तेच नाव मिळाले. आपल्या स्थलांतराची खूणही केसांच्या तेलात सापडते. कोकण-गोव्यात नारळ दारात, म्हणून तेथे खोबरेल. अठराव्या शतकात शिंदे-होळकरांच्या दौलतींबरोबर आपली घराणी माळव्यात स्थिरावली. येथे नारळीच्या बागा नाहीत. तीळ, अळशी, मोहरी मात्र भरपूर. शिवाय खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठते, त्यामुळे आपल्याकडच्या थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते. तिळाचे तेल त्याच थंडीतही वाहते राहते.

डोक्याला रोज तेल लावावे, त्याने केस गळत नाहीत व अकाली पिकत नाहीत, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाने ही परंपरा सणाशी जोडली. घरोघरी माका, ब्राह्मी, आवळा, जास्वंद घालून तेल कढवले जाई.

कुरळ्या केसांना या तेलाची गरज अधिक. टाळूतला नैसर्गिक स्निग्धांश सरळ केसावरून सहज खाली उतरतो. वळणावळणाच्या केसात तो टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून टोके कोरडी पडतात, बटा पिंजारतात. जुन्या बायकांची रीत साधी होती: न्हाण्याआधी तेल जिरवायचे, न्हाल्यावर केस दमट असतानाच चार थेंब तळहातांवर चोळून टोकांना लावायचे, मग रुंद दातांच्या फणीने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवत यायचे. अशा केसांचा अंबाडा घट्ट बसे आणि वेणीतून बटा निसटत नसत. रेले आणि मोहिले या संशोधकांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचे तेल व खनिज तेल यांची तुलना केली. केसांतील प्रथिनांची झीज खोबरेलानेच लक्षणीय कमी झाली, कारण त्यातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरते. हे काम खोबरेल विकणाऱ्याच एका कंपनीत झाले, हेही लक्षात ठेवावे.

पण या वाटीच्या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. तेल, फणी, वेणी आणि गजरा हे सौभाग्याचे मानले गेले, आणि आपल्याच उच्चवर्णीय घरांत नवरा गेला की बाईचे केस उतरवले जात. वाढत्या वयाच्या मुलींनाही त्यातून सुटका नव्हती. 1890 साली मुंबईतील नाभिकांनी एकत्र येऊन विधवांचे केशवपन करणार नाही असा निश्चय केला. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यामागे पुढाकार होता. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. घरातल्या शिकलेल्या मंडळींना मात्र ते धैर्य व्हायला वेळ लागला. त्यामुळे आजीच्या तेलाचे कौतुक करताना, ज्या आज्यांना ते लावताच आले नाही त्यांचीही आठवण आपण ठेवली पाहिजे.

आज दुकानात कुरळ्या केसांसाठी वेगळी तेले मिळतात, आणि आपल्या मुली केस सरळ करून घेण्याऐवजी कुरळेच मिरवू लागल्या आहेत. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या तेलात काय पडत होते, किती वेळ कढवत होते, हे त्यांना विचारून यंदाच लिहून ठेवूया. त्यांच्या घरात केस कोणाचे राखले गेले आणि कोणाचे नाही, तेही त्याच वहीत लिहूया.