थंडी, लेगिंग्ज आणि कॉलनीचा ग्रुप

निफाडचा पारा घसरला की आम्हा नाशिककरांची कानटोपी बाहेर येते. पहाटे साडेपाचला जॉगिंग ट्रॅकवर आम्ही दहा-बारा जण असतो. त्यात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या चार मुली. भरतीत ८०० मीटर धावायचं असतं, एकेक सेकंद मोलाचा. त्यातल्या दोघींनी यंदा आतून मऊ लव असलेल्या जाड लेगिंग्ज घेतल्या. दोनच दिवसांत कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज : "ट्रॅकवर योग्य कपडे घालून यावे, लहान मुलं असतात." खाली अंगठ्यांची रांग. हाफ चड्डीत धावणाऱ्या काकांबद्दल मात्र अक्षर नाही.

म्हणून जरा इतिहास सांगते. लांबलंय, पण वाचा.

१८५१. अमेरिकेतलं सेनेका फॉल्स गाव. तेव्हा तिथल्या बायका जमिनीवर लोळणारे घेरदार झगे घालायच्या, आत पेटीकोटांचे थर. जिना चढणंही कठीण. एलिझाबेथ स्मिथ मिलर यांनी आखूड झग्याखाली तुर्की पद्धतीची सैल विजार घातली. अमेलिया ब्लूमर यांनी आपल्या 'द लिली' या पत्रातून तिचा पुरस्कार केला आणि विजारीला 'ब्लूमर' हेच नाव पडलं. पाय घोट्यापर्यंत झाकलेले, तरी टिंगल झाली, व्यंगचित्रं निघाली. लोक आपल्या हक्कांच्या मागण्या सोडून कपड्यांवरच बोलतात, हे बघून काही वर्षांत बहुतेक पुढारी बायकांनी तो वेश सोडला. पुढे १८९० च्या दशकात सायकल आली, तेव्हा ब्लूमर परत आले. झग्यात पेडल मारणार कसं?

आता १९६७ चा एप्रिल. बोस्टन मॅरेथॉन. बाईला एवढं अंतर झेपत नाही, असा तेव्हाचा समज. आदल्या वर्षी बॉबी गिब झुडपात लपून बसली आणि नंबराशिवायच धावली, भावाची बर्म्युडा घालून. १९६७ ला वीस वर्षांच्या कॅथरीन स्विट्झरने 'के. व्ही. स्विट्झर' अशा नावाने नोंदणी केली, नंबर मिळाला २६१. त्या दिवशी गारठा आणि भुरभुर बर्फ. शर्यतीसाठी आणलेले शॉर्ट्स राहिले आत, वर ढगळा राखाडी स्वेटसूट. तरी वाटेत अधिकारी जॉक सेम्पल तिचा नंबर ओढून काढायला अंगावर धावून आले. शेजारी धावणाऱ्या तिच्या मित्राने त्यांना ढकललं, म्हणून ती पुढे गेली आणि शर्यत पूर्ण केली. तो फोटो जगभर गाजला. नीट बघा त्यात, बाई गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेली आहे!

बोस्टनने बायकांना रीतसर प्रवेश दिला १९७२ मध्ये. ऑलिम्पिकमध्ये महिलांची मॅरेथॉन आली थेट १९८४ ला.

आणि लेगिंग्जचं कापड? त्याची गंमत वेगळीच. १९५८ मध्ये ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी ताणला तरी पुन्हा जागेवर येणारा धागा तयार केला, तोच लायक्रा. कशासाठी? बायकांची कंबर आवळणाऱ्या आतल्या कपड्यांत रबराऐवजी वापरायला. नंतर तो पोहण्याच्या, नाचाच्या, व्यायामाच्या कपड्यांत शिरला. कंबर आवळायला निघालेला धागा पाय मोकळे करायला कामी आला.

थंडीतल्या लेगिंग्जचं गणित साधं आहे. सुती सलवार दवाने आणि घामाने भिजते, जड होते, वारा लागला की पाय आखडतात. नायलॉन-पॉलिएस्टर फार पाणी धरत नाही. आतली लव हवा अडवून ऊब ठेवते. रुंद पट्टा कमरेला धरून राहतो, म्हणून धावताना सारखं वर ओढावं लागत नाही. बस्स. यात फॅशन किती आणि सोय किती, तुम्हीच ठरवा.

आणि आपल्याकडे हे नवं आहे का? माझी आजी इगतपुरीकडे नऊवारीचा काष्टा खोचून भात लावायची. पोटऱ्या उघड्या, गुडघाभर चिखल. तेव्हा कुणाला लहान मुलांची काळजी वाटली नाही, कारण भात लावून हवा होता.

मेसेज पडल्यापासून त्या दोघींपैकी एक ट्रॅकवर आलेली नाही. दुसरी कमरेला ओढणी गुंडाळून धावते आणि ती पायात येते. भरती तोंडावर आहे.

आपल्या ट्रॅकच्या मागच्या वळणावर दिवे नाहीत. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. ग्रुपवर मेसेज टाकायचाच तर त्यावर टाकू या. पहिला मी टाकलाय. अंगठे मोजतेय.