एका घराच्या दोन वाटा : आमोन ड्यूल

१९६७ साली म्यूनिक शहरात काही तरुण-तरुणींनी एकत्र बिऱ्हाड थाटले. पैसा सामाईक, वाद्येही सामाईक. या मंडळींनी आमोन ड्यूल हे नाव घेतले; त्यातला आमोन हा प्राचीन इजिप्तचा देव. पुढे 'अवकाश-रॉक' म्हणून नावारूपास आलेल्या जर्मन संगीताची एक मुख्य धारा या घरातून निघाली. तिचा इतिहास सांगताना आम्हांस त्या घरातील भांडणच अधिक महत्त्वाचे वाटते.

ही मुले बहुतेक युद्धाच्या अखेरीस वा त्यानंतर जन्मलेली. म्यूनिक तर नाझी पक्षाचे जन्मस्थान. वडील पिढी झाल्या गोष्टींवर मौन धरून होती आणि रेडिओवर 'श्लागर' नावाची गोड, गुळमुळीत गाणी चालू होती. उरला इंग्रज-अमेरिकन रॉक. पण तो गिरवणे म्हणजे जेत्यांची नक्कल. शिवाय हुकूम देणारा कोणीही नको, हा या पिढीचा हट्ट. म्हणून घरात जो राहील तो वाजवील, असा नियम झाला. वाजवता येते की नाही, हे विचारणे अशिष्ट ठरले.

अर्थात ज्यांना वाजवता येत होते त्यांची कुचंबणा होऊ लागली. व्हायोलिन, गिटार व सॅक्सोफोन हाताळणारे ख्रिस कारर आणि गायिका रेनाटे क्नाउप यांना रियाज हवा होता. १९६८ च्या सप्टेंबरात एसेन येथे मोठा संगीतमहोत्सव भरला, त्या सुमारास फूट पक्की झाली. साधकांचा गट 'आमोन ड्यूल दोन' म्हणवू लागला. मूळ गटाने १९६८ च्या अखेरीस मनसोक्त ठोकाठोक ध्वनिमुद्रित केली आणि त्याच फितींतून पुढे अनेक तबकड्या निघाल्या. त्या ऐकणे हे धीराचे काम आहे. पण त्यांत अप्रामाणिक असे काही नाही.

दुसऱ्या गटाची 'फालुस देई' ही तबकडी १९६९ ची. नावच सनातन्यांना डिवचणारे. तिच्या शीर्षकरचनेने एक संपूर्ण बाजू व्यापली आहे. १९७० ची 'येती' ही जोडतबकडी मात्र आम्हांस त्यांची सर्वश्रेष्ठ कृती वाटते. पहिल्या तबकडीत बांधीव गाणी, दुसरीत उत्स्फूर्त वादन. मुखपृष्ठावर विळा-दांडा घेतलेला काळपुरुष आहे. या उत्स्फूर्त भागाच्या शेवटच्या रचनेत मूळ गटातले काही जुने सोबती पुन्हा येऊन वाजवतात. भांडणानंतर दोन वर्षे झालेली नसताना! हुकूमशाहीला नकार देणारे ते पहिले स्वप्न रियाजवाल्यांनीही टाकून दिले नव्हते, याची यापेक्षा चांगली साक्ष आम्हांस ठाऊक नाही.

१९७२ च्या 'वुल्फ सिटी'मधील एका रचनेत सतार, तबला व तंबोरा आहेत. त्या काळी पाश्चात्त्य गाण्यांत सतार बहुधा अत्तरासारखी शिंपडली जाई. येथे तिला ऐसपैस बसायला जागा दिली आहे. त्यानंतर समूहाची गाणी आटोपशीर होत गेली आणि धारही बोथटली. त्या वर्षांवर रेंगाळण्याचे कारण नाही.

प्रभाव दूरवर गेला. 'येती'त बास गिटार वाजवणारे इंग्रज वादक डेव्ह अँडरसन १९७१ मध्ये 'हॉकविंड' या ब्रिटिश अवकाश-रॉक समूहात होते. 'क्राउट' ही युद्धकाळातली शिवी. पण तिच्यावरून पडलेले 'क्राउटरॉक' हे नाव पुढे कौतुकाचे झाले. १९९५ साली इंग्रज गायक ज्युलियन कोप यांनी या संगीतावर उत्साहाने ओथंबलेले पुस्तक लिहिले आणि नव्या पिढीने जुन्या तबकड्या शोधून काढल्या. क्नाउप पुढे 'पोपोल वू' या म्यूनिकच्याच समूहात गायल्या. कारर पुढे अरबी ऊद वाजवू लागले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.