विमापत्रातला चोर

मालवणच्या बाजारपेठेत दुकानाचा चोरीचा विमा उतरवला, की विमापत्रात एक अट हमखास सापडते. चोर आत शिरताना किंवा बाहेर पडताना बळाचा वापर झालेला असला पाहिजे. कडी उचकटली, शटर वाकवले, तर दावा उभा राहतो. बनावट किल्लीने कुलूप उघडून माल नेला, तर बहुधा नाही. फौजदारी कायदा इतका चिकित्सक नव्हता. १८६० च्या दंडसंहितेचे ४४५ वे कलम चोरीसाठी कुलूप उघडणे हीही घरफोडीच मानत होते.

विम्याचा चोर असा वेगळा का, हे समजायला समुद्रावर जावे लागते, आणि तिथे मालवण आडवे येतेच. अठराव्या शतकातल्या इंग्रजांच्या लेखी हे बंदर म्हणजे चाच्यांचे ठाणे. (शिक्का त्यांचा, कोल्हापूरकर त्याला आरमाराचा हक्क म्हणाले असते.) १७६५ साली त्यांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला 'फोर्ट ऑगस्टस' नाव दिले आणि पुढे परतही केला. १८१२ च्या तहाने मात्र मालवण कंपनीकडे गेले. याच काळात, १७७९ साली, लंडनच्या लॉइड्सने सागरी विम्याचा मसुदा ठरवून टाकला. त्यातल्या संकटांच्या यादीत शत्रू, चाचे आणि चोर एकाच रांगेत बसले. या शेजारामुळे चोर म्हणजे जबरदस्तीने लुटणारा, असाच अर्थ रुळला. ब्रिटनच्या १९०६ च्या आणि आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्याने तो लिहूनच ठेवला : गुपचूप केलेली चोरी किंवा जहाजावरच्याच माणसाने केलेली चोरी या शब्दात येत नाही. दुकानाची अट थेट इथूनच उतरली, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण विचाराचे गोत्र एकच.

बंदोबस्ताच्या अटीही समुद्रावर जुन्याच. १७८६ च्या एका इंग्रजी खटल्यात जहाजाने लिव्हरपूलहून किमान पन्नास माणसांनिशी निघण्याची हमी होती. निघाली शेहेचाळीस, सहा तासांच्या अंतरावर आणखी सहा घेतली. पुढे जहाज शत्रूच्या हाती पडले, तेव्हा त्यावर बावन्न माणसे असूनही न्यायालयाने निकाल विमाधारकाविरुद्ध दिला. हमी शब्दशः पाळायची, तिचा नुकसानीशी संबंध असो वा नसो. ब्रिटनने २०१५ च्या कायद्याने हा कडकपणा सैल केला. आपल्या १९६३ च्या कायद्यात तो तसाच राहिला.

पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांची जोखमी हुंडी याहून साधी. माल सुखरूप पोचला तर हुंडीचे पैसे द्यायचे, बुडाला तर हुंडी घेणाऱ्याचे गेले.

२००४ साली युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही विमापत्राचे शब्दच प्रमाण मानले : बळाचा वापर नाही, तर भरपाई नाही. निकालाच्या शेवटी मात्र न्यायालयाने कंपन्यांना या अटी सुधारण्याचे सुचवले.

मला मालवणसाठी दुसरेच एक कलम अधिक काळजीचे वाटते. सलग सात दिवस-रात्र जागेत कोणी नसेल तर संरक्षण थांबते, असे अनेक विमापत्रांत असते. पावसाळ्यात इथे किल्ल्याची होडी बंद होते, डायव्हिंगवाले टाक्या आणि कॉम्प्रेसर खोलीत रचून कुलूप लावतात, आणि ते कुलूप पाऊस ओसरल्यावरच निघते. आधीच कंपनीची संमती घेऊन तशी नोंद विमापत्रावर करून घेतली नसेल, तर मध्ये शटर फोडून चोरी झाली तरी दावा या सात दिवसांवर अडतो.