न्यू हॅम्पशायरचा पहिला कौल

अमेरिकेत अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवताना ज्या प्राथमिक निवडणुका होतात, त्यांत पहिला मान १९२० पासून न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्याकडे आला. सुरुवातीला तिथले मतदार फक्त पक्षाच्या अधिवेशनाचे प्रतिनिधी निवडत. १९४९ च्या कायद्याने उमेदवारांना थेट मत देण्याची सोय झाली आणि १९५२ मध्ये तिचा पहिला तडाखा विद्यमान अध्यक्षांनाच बसला. टेनेसीचे सिनेटर एस्टस किफॉव्हर गावोगाव लोकांशी हात मिळवत हिंडले. हॅरी ट्रूमन तिकडे फिरकलेही नाहीत. ट्रूमन हरले आणि त्याच महिनाअखेरीस त्यांनी पुन्हा उभे न राहण्याचे जाहीर केले.

पुढे तर जिंकूनही हरल्यासारखे होऊ लागले. १९६८ मध्ये विद्यमान अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचे नाव मतपत्रिकेवर नव्हते. समर्थकांनी ते हाताने लिहून त्यांना सुमारे ४९ टक्के मते दिली. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या यूजीन मॅकार्थींना ४२ टक्के मिळाली. त्यांच्यासाठी दारोदार फिरायला आलेल्या विद्यार्थ्यांनी लोक बिचकू नयेत म्हणून केस कापले, दाढ्या उतरवल्या. अध्यक्षांसमोर इतकी मते पडणे हाच मॅकार्थींचा विजय मानला गेला. १९ दिवसांनी जॉन्सन यांनी माघार घेतली.

१९७२ मधली एडमंड मस्की यांची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. ते शेजारच्या मेनचे सिनेटर, त्यामुळे हे राज्य त्यांच्या घरचेच समजले जाई. मँचेस्टरच्या ‘युनियन लीडर’ने त्यांच्यावर आणि त्यांच्या पत्नीवर चिखलफेक केली, तेव्हा भर हिमवर्षावात ट्रकवर उभे राहून त्यांनी त्या वृत्तपत्राच्या कचेरीसमोरच प्रकाशकाला खडसावले. बोलताना त्यांचा कंठ दाटला. ते रडले, असे बातमीदारांनी लिहिले. चेहऱ्यावर वितळलेला बर्फ होता, असे मस्की म्हणत राहिले. त्यांना ४६ टक्के मते मिळाली, प्रतिस्पर्धी जॉर्ज मॅकगव्हर्न यांना ३७. पण मस्की निम्म्याहून अधिक मते घेतील, असा बोलबाला आधीच झाला होता. नऊ टक्क्यांची आघाडी त्यापुढे फिकी पडली आणि उमेदवारी मॅकगव्हर्न यांच्याकडे गेली. प्रतिस्पर्ध्याची मते मोजली गेली ती शून्यापासून, मस्कींची पन्नासपासून. हा मापदंड अन्यायाचाच होता.

अशा अनपेक्षित निकालांत राज्याच्या मतदान नियमांचाही वाटा आहे. कोणत्याही पक्षात नोंद नसलेल्या मतदाराला इथे त्या दिवशी हव्या त्या पक्षाच्या निवडणुकीत मत देता येते, त्यामुळे पक्षनेत्यांच्या पाठिंब्याचे वजन घटते. २००० मध्ये अशाच मतदारांच्या बळावर जॉन मॅकेन यांनी जॉर्ज बुश यांना ४९ विरुद्ध ३० टक्क्यांनी मागे टाकले.

तरीही पहिल्या ठेचेने सगळेच संपत नाहीत. १९८४ मध्ये वॉल्टर मॉन्डेल इथे गॅरी हार्ट यांच्याकडून हरले. पण पुढच्या राज्यांत कामगार संघटना आणि पक्षयंत्रणा त्यांच्या पाठीशी होती, म्हणून उमेदवारी त्यांनाच मिळाली. बुश यांनीही तीन आठवड्यांच्या आत साउथ कॅरोलायना जिंकून मॅकेन यांची घोडदौड रोखली.